सुळे पूर्ण न उतरलेला नर

माकड पिसाळलंय असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, पाणी पितंय का? अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या गावातला नर हौदावर येऊन व्यवस्थित पाणी पीत होता. लाळ नाही, मागचे पाय लटपटत नाहीत. तरी चावलेल्या प्रत्येकाला लस घ्यायला पाठवलंच. तिथे अंदाज चालत नाही.

गावात दोन तट पडले होते. एक म्हणे, "गोळी घाला डॉक्टर." दुसरा म्हणे, "मारुतीचं हाय ते, हात लावू नका." हाताने शेंगदाणे भरवणारे मात्र दोन्हीकडे होते. चाव्यांची सुरुवात तिथूनच होते, हे सांगून मी थकलो.

डार्ट, म्हणजे भुलीच्या औषधाची फेकायची सुई, लागला की माकड पडलं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात फुंकनळीतला डार्ट मांडीच्या जाड स्नायूत बसावा लागतो, औषध चढायला काही मिनिटं जातात, आणि तेवढ्यात ते उंचावर गेलं तर वरून पडून मरतं. म्हणून तो जमिनीवर उतरेपर्यंत आम्ही जाळं धरून उन्हात थांबलो. केटामिन हे भुलीचं औषध दिल्यावर डोळे उघडेच राहतात; मलम घालून वर ओला फडका टाकायचा. पोलीस पाटलांनी दोरी बांधून गर्दी मागे रेटली नसती, तर मोबाइलवाल्यांनी तेवढंही करू दिलं नसतं.

तोंड उघडलं आणि तिथेच अडकलो. सुळे अजून पूर्ण उतरलेले नव्हते, म्हणजे वय कोवळंच. वयात येताना नर टोळी सोडतात, पण हा फारच लवकर एकटा पडला होता. चेहऱ्यावर चाव्यांचे जुने व्रण, उजव्या हाताचं एक बोट मोडून वाकडंच जुळलेलं.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॉर्गन बेटावर मोकळ्या फिरणाऱ्या ऱ्हीसस माकडांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं गेलं. ज्या तरुण नरांच्या त्या पाण्यात सेरोटोनिनचा, म्हणजे मनाला आवर घालण्यात हात असलेल्या मेंदूतल्या रसायनाचा, अवशेष कमी, ते टोळी लवकर सोडत, झाडांवरून धोकादायक लांब उड्या मारत आणि त्यांचं साधं भांडणही रक्तापर्यंत जाई. चार वर्षांनी पाहिलं, तेव्हा सर्वांत कमी प्रमाण असलेल्या गटातले जवळपास निम्मे मेलेले किंवा बेपत्ता होते; सर्वांत जास्त प्रमाणाच्या गटातला एकही नाही. सुळे, बोट, व्रण, सगळं माझ्यासमोर पडलं होतं.

पण १९९१ चा व्हर्वेट माकडांवरचा प्रयोग उलट्या बाजूनेही बोलतो. टोळीचा म्होरक्या बाजूला काढून उरलेल्यांपैकी एका नराचं सेरोटोनिन औषधाने वाढवलं, तर तोच म्होरक्या झाला. दांडगाई करून नव्हे, माद्यांशी जुळवून घेऊन. आणि ज्याचं पद जातं, त्याच्या रक्तातलं सेरोटोनिनही खाली येतं, हेही त्याच संशोधकांनी आधी दाखवलं होतं. मग आमच्या या नराचं रसायन मुळातच कमी होतं म्हणून तो हाकलला गेला, की हाकलला गेल्यावर ते घसरलं?

रक्त काढून ठेवू का, म्हणून वनखात्याला विचारलं. परवानगी नाही, असं उत्तर आलं. संध्याकाळी पिंजरा गाडीत चढला. दूरच्या जंगलात सोडणार होते, म्हणजे अनोळखी टोळ्यांच्या हद्दीत, पुन्हा एकटा. निदान ओळखीची खूण तरी करा, असा अर्ज मी लिहून दिला. त्यावर अजून उत्तर नाही.