तुम्ही विचारलंत म्हणून: दोन कन्सल्टिंग कंपन्यांपैकी कोणती निवडावी?

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम संपत आला की पुण्यात शिकणारी, दलित-बहुजन घरांतून आलेली आणि बहुधा आपल्या घरातली पहिलीच पदवीधर असलेली मुले-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात: हातात दोन कन्सल्टिंग कंपन्यांच्या ऑफर आहेत, पगारात फारसा फरक नाही, मग आपल्यासारख्याने कोणती घ्यावी? आडनाव आणि गाव कळल्यानंतरही आपल्याला धड काम कुठे मिळेल, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. माझे उत्तर असे की, ज्या कंपनीत प्रोजेक्टचे वाटप उघडपणे होते ती घ्यावी, मग तिचे नाव दुसरीपेक्षा थोडे लहान असले तरी चालेल.

याचे कारण या धंद्याच्या रचनेत आहे. कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे ग्राहक कंपन्यांना सल्ला आणि तज्ज्ञ सेवा विकण्याच्या धंद्यात, तुमची भरती कंपनीत होते, पण ठरलेली खुर्ची कोणालाच मिळत नाही. काही महिन्यांचे एक प्रोजेक्ट संपले की दुसरे मिळवावे लागते आणि ते मिळेपर्यंत तुम्ही बेंचवर, म्हणजे पगारावर पण कामाविना, असता. टीममध्ये कोणाला घ्यायचे हे पार्टनर (कंपनीचा भागीदार) किंवा मॅनेजर ठरवतो. वर्षअखेरचे रेटिंग मुख्यतः दोन गोष्टींवर होते: तुमच्या तासांपैकी किती तासांचे बिल ग्राहकाला लागले आणि ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांनी काय लिहिले. पहिल्या वर्षी ज्याला चांगले प्रोजेक्ट मिळते त्याचे नाव दुसरा मॅनेजर आपणहून मागतो. ज्याला मिळत नाही तो अंतर्गत प्रेझेंटेशनच्या स्लाइड नीटनेटक्या करत बसतो, त्याचे बिल लागत नाही, म्हणून रेटिंग घसरते, आणि घसरलेले रेटिंग पाहून पुढचा मॅनेजर त्याला टाळतो. या साऱ्या साखळीत कोणी एकही अपशब्द उच्चारलेला नसतो, त्यामुळे तक्रार कशाची करायची हेच कळत नाही.

माझ्या पहिल्या कंपनीत हे मी जवळून पाहिले. तिथे स्टाफिंगची, म्हणजे कोण कोणत्या प्रोजेक्टवर जाणार याची, यादी यायच्या आधीच टीम ठरलेली असे. शनिवारच्या राजगडाच्या ट्रेकमध्ये, कोथरूडमधल्या एखाद्या जुन्या शाळेच्या ओळखीत किंवा कोणाच्या तरी घरच्या गणपतीच्या आरतीनंतर. ती माणसे वाईट नव्हती, मला जेवायला बरोबर नेत. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मला त्या बोलण्यांत जागा नव्हती, आणि काम तिथेच वाटले जाई. दुसऱ्या कंपनीत दर सोमवारी रिकाम्या जागांची यादी सर्वांना दिसत असे, कोणीही अर्ज करू शके आणि नकार देणाऱ्या मॅनेजरला कारण लिहून द्यावे लागे. बँकिंगचे पहिले मोठे प्रोजेक्ट मला त्या यादीतून मिळाले.

हा केवळ माझा अनुभव आहे असे कोणी म्हणू नये. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी समान पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवून केलेला अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या संशोधन साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. मुलाखतीपर्यंत पोहोचण्याच्या शक्यतेचे प्रमाण उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावासाठी सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावासाठी एक-तृतीयांश निघाले. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले, की गुणवत्तेवर ठाम विश्वास सांगणारे हेच अधिकारी उमेदवाराच्या ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ची चौकशी मात्र महत्त्वाची मानतात.

कायद्याकडून इथे फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १६ मधील समान संधीची हमी सरकारी नोकऱ्यांपुरती आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा जातीवरून केलेल्या अपमानाला शिक्षा देतो, न मिळालेल्या प्रोजेक्टला नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला अंतर्गत समिती नेमावी लागते. जातीसाठी तशी सक्ती नाही. म्हणून कंपनीचे भेदभावविरोधी धोरण मागून घ्या आणि त्यात ‘जात’ असे स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहा.

ज्यांना पुढे परदेशी जायचे आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे, की तिथे त्वचेच्या रंगाचा प्रश्न वेगळा उभा राहतो आणि भारतीय सहकाऱ्यांमध्ये जातीचा प्रश्न सोबत येतोच. अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा नोकरीतील वंश आणि त्वचेच्या रंगावरच्या भेदभावाला मनाई करतो, पण त्यात जातीचा उल्लेख नाही. सिअ‍ॅटल शहराने तो आपल्या कायद्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये घातला. शिवाय मुख्यालयाची आश्वासने कायम टिकतीलच असे नाही. अ‍ॅक्सेन्चर या कन्सल्टिंग कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांमधील विविधतेची जागतिक उद्दिष्टे गुंडाळली आणि त्याच महिन्यात डेलॉइटच्या अमेरिकेतील शाखेनेही आपली उद्दिष्टे थांबवत असल्याचे जाहीर केले. कंपनीच्या माहितीपत्रकातील हसऱ्या फोटोंपेक्षा मी वाटपाच्या पद्धतीला अधिक वजन देतो, ते यामुळेही.

ही माहिती एचआरकडून मिळणार नाही. दोन-तीन वर्षे तिथे काढलेल्या आणि नुकत्याच सोडून गेलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना फोन करा. पहिले प्रोजेक्ट कसे मिळाले, बेंचवर सर्वांत जास्त काळ कोण बसते, मराठी माध्यमातून आलेला कोणी मॅनेजर झाला आहे का, एवढेच विचारा आणि उत्तर देताना ते कुठे अडखळतात तेही ऐका. पैशांची बाजू मी हलकी मानत नाही: घर तुमच्या पगारावर चालणार असेल, तर जिथे बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) नाही आणि निश्चित पगाराचा भाग मोठा आहे ती ऑफर घ्या, वाटपाची पद्धत थोडी कमी पारदर्शक असली तरी. उत्तराची मुदत अपुरी वाटली तर आठवडाभर वाढवून मागा. तशी विनंती करणे रीतीला धरून आहे आणि केवळ तेवढ्यासाठी ऑफर मागे घेतल्याचे मी पाहिलेले नाही.