केळफूल, आठवडा पाचवा: तिसरी पाकळी उसवली

सुतळीला गाठी मारून केळफुलाचं शिल्प करतेय, त्याची तिसरी पाकळी सोमवारी रात्री उसवून टाकली. नऊ संध्याकाळींचं काम होतं, वाईट वाटलंच. पण गाठी सगळ्या सारख्याच घट्ट बसल्या होत्या आणि पाकळी फळकुटासारखी ताठ उभी होती. केळफूल असं नसतं.

चूक सासूबाईंनी दाखवली. रविवारी खंडेराव मार्केटमधून आणलेलं केळफूल त्या भाजीसाठी निवडत होत्या. एकेक फूल उघडून आतली कडक काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढताना म्हणाल्या, "अगं, ही पाकळी बघ. बुडाशी घट्ट धरून आहे आणि टोकाला मागे वळलीय. तुझी कुठे वळते?" मी ती पाकळी उचलून टेबलावर ठेवली. बाहेरून जांभळट, वर राखेसारखी पूड. आतून गुळगुळीत, लालसर.

मग पुन्हा शिल्पकार मृणालिनी मुखर्जींच्या कामांचे फोटो काढून बसले. माझ्या हातात सुतळी आली ती त्यांच्यामुळेच. आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये त्या आधी चित्रकला शिकल्या, मग चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्रण. आणि शिल्पासाठी उचलला काय, तर वाखाचा दोर! बाजेला, गाठोड्याला लागतो तसला. तो रंगवून, गाठी मारमारून त्यांनी माणसापेक्षा उंच आकार उभे केले. 1984 ची 'यक्षी', 1994 ची 'वनश्री': झाड म्हणावं की फूल, की देवी, ठरवता येत नाही. आधी रेखाटन नाही, नमुना नाही. गाठ पुढे नेईल तसा आकार. एकेका कामाला महिनेच्या महिने. 2015 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि काही दिवसांतच त्या गेल्या. मला प्रत्यक्ष बघता आलं नाही, याची रुखरुख आहे.

या वेळी फोटोत एक गोष्ट नीट दिसली. त्यांच्या घड्या ओठांसारख्या बाहेर वळतात, कारण दोर स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि त्या त्याला लोंबू देतात. मी मात्र प्रत्येक ओळीत त्याच्याशी झगडत होते.

म्हणून नवी पाकळी अशी: बुडाच्या आठ ओळी चौकोनी गाठीच्या, अगदी दाट. पुढे दर दोन ओळींना गाठ थोडी सैल. शेवटच्या चार ओळींत पीळ उघडा दिसतो. सुतळी आधी रात्रभर भिजवली, मग मीठ घातलेल्या उकळत्या रंगात सोडली. कोरडीच टाकली होती तेव्हा रंग डागडागी बसला होता. आणखी एक: सुतळीची लांबी पाकळीच्या चारपट धरली ती कमी पडली, शेवटी चार बोटं जोड द्यावा लागला. दाट गाठींना सहापट धरा.

गुरुवारपासून पाकळी झोपाळ्याच्या रिकाम्या कडीला टांगली आहे. आतापर्यंत दोन बोटं खाली उतरली आणि टोक हळूहळू मागे वळतंय. रविवारपर्यंत हात लावणार नाही, मग चौथी सुरू.

मांडवीत सगळीकडे पातळ सुतळीच मिळाली. करंगळीएवढा जाड वाखाचा दोर बडोद्यात कोणाला सापडला असेल तर दुकान नक्की सांगा. देठ त्याचाच करायचा आहे.