साठ अंशांचा त्रिकोण

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवते आणि त्याच मुलांचा संगणकाचा तासही माझ्याकडेच असतो. गावात इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे स्क्रॅच हे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारे सॉफ्टवेअर मी सगळ्या संगणकांवर आधीच डाउनलोड करून ठेवले आहे. एकदा ते उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. मुलांना खेळ तयार करायचे असतात, हे मला ठाऊक आहे. तरीही प्रोग्रॅमिंगची सुरुवात मी चित्रांपासूनच करते, कारण खेळात नेमके काय बिघडले हे शोधण्यात तास निघून जातो, रेघ मात्र चुकली की चुकलेली लगेच समोर दिसते.

स्क्रॅचमध्ये सूचना टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ब्लॉक ओढून आणायचे आणि एकाखाली एक जोडायचे. खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणावरून पेनचे ब्लॉक मागवून घ्यायचे. ‘पेन डाउन’ लावला की पडद्यावरचे मांजर जिथून जाईल तिथे रेघ उमटत जाते. जे ब्लॉक एकमेकांत बसण्यासारखे नसतात ते जुळतच नाहीत, अटीसाठीच्या षट्कोनी खाचेत अटीचाच ब्लॉक बसतो. त्यामुळे कंस बंद करायचा राहिला, इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकले, असल्या चुकांना जागाच राहत नाही. मग जी चूक होते ती बहुतेक वेळा विचारातली असते, आणि शिकवणारीला तीच हवी असते. माझ्या वर्गातल्या मुलांचे इंग्रजी बेताचे आहे, म्हणून मला या गोष्टीचे मोल फार वाटते.

त्या दिवशी सातवीचा तास होता. एकेका संगणकाला तीन-तीन मुले बसली होती. आधीच्या तासाला चौरस काढून झाला होता: ८० पावले चालायचे, ९० अंशांत उजवीकडे वळायचे, आणि हे चार वेळा. आता समभुज त्रिकोण काढा, एवढेच मी सांगितले. जवळजवळ प्रत्येक गटाने ‘रिपीट’मधला ४ खोडून ३ केला, ९० च्या जागी ६० लिहिले आणि हिरव्या झेंड्यावर क्लिक केले. पडद्यावर तीन रेघा आल्या, पण त्रिकोण झाला नाही. पहिली रेघ उजवीकडे गेली, दुसरी तिरकी खाली उतरली, तिसरी परत डावीकडे वळली, आणि आकृती डाव्या बाजूने सताड उघडी राहिली. मांजर खाली, पाय वर करून उलटे थांबले होते.

काही गटांनी ते पुसून निरनिराळ्या संख्या घालून पाहायला सुरुवात केली. भिंतीलगतच्या संगणकावर बसलेल्या एका मुलीने मात्र काहीच पुसले नाही. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, संगणक चुकतोय. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा असतो. तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं.”

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. त्रिकोणाच्या आंतरकोनांची बेरीज १८० अंश, तिन्ही कोन समान, म्हणून प्रत्येकी ६०; हे तिने पाठ केलेले नव्हते, तिला ते समजलेले होते. म्हणूनच ती इतक्या ठामपणे यंत्राला चूक म्हणत होती, आणि मला तिचा तो ठामपणा मोडायचा नव्हता. उत्तर सांगितले असते तर १२० लिहून सगळा वर्ग दोन मिनिटांत मोकळा झाला असता. मी तिला म्हणाले, “चुकतोय ना, मग त्याला तसंच आणखी पुढं जाऊ दे. कुठं पोचतो ते बघ.” तिने ३ चे ६ केले. मांजराने तिन्ही रेघा पुन्हा काढल्या, पुढे आणखी तीन काढल्या आणि बरोबर निघाल्या ठिकाणी येऊन ते सरळ उभे राहिले. पडद्यावर नियमित षट्कोन होता.

यंत्र काही गोंधळलेले नव्हते. जे सांगितले होते ते त्याने अचूक केले होते, आणि जे काढले ते निम्म्या षट्कोनाचे निर्दोष चित्र होते. चौरसाने मुलांपासून एक गोष्ट झाकून ठेवली होती, ती अशी की चौरसाचा आतला कोन ९० अंशांचा असतो आणि कोपऱ्यावर वळावेही तेवढेच लागते. दोन वेगळ्या गोष्टी तिथे एकाच संख्येत मिळून गेलेल्या असतात. त्रिकोणात त्या पहिल्यांदा वेगळ्या होतात.

मी वर्गाला व्हरांड्यात नेले. फरशीवर खडूने मोठा समभुज त्रिकोण काढला आणि त्या मुलीला त्याच्या कडेने चालायला सांगितले. पहिल्या कोपऱ्यावर आल्यावर तिला थांबवले आणि ती ज्या दिशेला पाहत होती त्या दिशेने एका मुलाला रेघ तशीच पुढे वाढवायला लावली. मग तिला पुढच्या बाजूकडे तोंड करायला सांगितले. वाढवलेली रेघ आणि नवी बाजू यांच्यामध्ये फळ्यावर वापरायचा लाकडी कोनमापक ठेवला, तेव्हा १२० अंश भरले. ती खाली वाकून बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. “साठ माझ्या पाठीमागं राहिला बाई,” ती म्हणाली, “मी वळले ते बाहेरच्या कोनातनं.” बाह्यकोनाची व्याख्या या वर्गाला तोंडपाठ होती. तिचा उपयोग कशासाठी होतो, हे मात्र त्या फरशीवर पहिल्यांदा दिसले.

आपणच चालून पाहण्याची ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९६७ मध्ये वॉली फोयर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि सीमोर पॅपर्ट यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर फिरणारे आणि पेनाने रेघ ओढत जाणारे यांत्रिक कासव आले. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात मुले विचार कसा करतात याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते. कासवाला काय सांगावे हे कळत नसेल तर स्वतः कासव होऊन पाहा, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या स्क्रॅचमधले मांजर त्याच कासवाच्या वाटेने चालते. हा इतिहास मी मुलांना त्या तासाला सांगितला नाही, पण कोनमापक घेऊन व्हरांड्यात जाण्याचे बळ मला त्यातूनच मिळते.

परत आल्यावर १२० ने त्रिकोण आला, ७२ ने पंचकोन आला आणि वहीत तक्ता तयार होऊ लागला. तेवढ्यात त्याच मुलीने असे निरीक्षण मांडले, जे मी आजवर कोणाकडून ऐकले नव्हते. “मांजर होतं तसं सरळ झालं की आकृती बंद होते. उलटं राहिलं की उघडी राहते.” एक पूर्ण गिरकी म्हणजे ३६० अंश, म्हणून बाजू कितीही असल्या तरी सगळ्या वळणांची बेरीज ३६० झाली पाहिजे, इथपर्यंत वर्गाला पोचायला मग फार वेळ लागला नाही.

सप्तकोनाने त्यांना अडवले. ३६० ला ७ ने भाग जात नाही. ५१ लिहिल्यावर शेवटी बारीकशी फट राहत होती, ५२ लिहिल्यावर शेवटची रेघ पहिलीला ओलांडून जात होती. फट इतकी लहान होती की बहुतेकांनी ती सोडून दिली असती. पण पेनची जाडी कमीच ठेवलेली होती आणि पडदा मोठा केल्यावर ती लपेना. तेव्हा मी भागाकाराचा हिरवा ब्लॉक दाखवला. त्यात ३६० आणि ७ लिहून तो ब्लॉकच वळण्याच्या ब्लॉकमधल्या गोल खाचेत बसवायचा, म्हणजे भागाकार आपण करायचाच नाही. एका गटाने ७ च्या जागी ‘बाजू’ नावाचे चल ठेवले आणि तेच ‘रिपीट’मध्येही बसवले. सहावीपासून ज्या अक्षराने मुले बिचकतात ते चल इथे त्यांनी आपल्या सोयीसाठी मागून घेतले, याचा मला फार आनंद झाला.

तास संपत आला असताना मागच्या गटातल्या एका मुलाने पंचकोनाच्या ७२ ची दुप्पट करून पाहिली आणि पडद्यावर पाच टोकांची चांदणी आली. मांजरही सरळच उभे होते. पाच वेळा १४४ म्हणजे ७२०. मग बेरीज ३६० हवी हा नियम मोडला का, असा वाद सुरू झाला. रेघा इतक्या झटपट येत होत्या की वळणे मोजता येत नव्हती. भिंतीलगतच्या त्या मुलीने ‘रिपीट’च्या पोटात एक सेकंद थांबण्याचा ब्लॉक घातला आणि मांजराच्या डोक्यावर बोट ठेवून मोजले. “दोन गिरक्या घेतं,” तिने सांगितले. तक्त्याच्या वर लिहिलेल्या ‘३६०’ पुढे तिने स्वतःच ‘किंवा त्याची पट’ असे लिहिले.

पुढच्या तासाला ती सात टोकांच्या चांदण्या घेऊन आली. भागाकाराच्या ब्लॉकमध्ये तिने ७२० आणि ७ लिहून एक काढली होती, १०८० आणि ७ लिहून तिच्याहून अणकुचीदार अशी दुसरी काढली होती. १४४० लिहिल्यावर तिसरी यायला हवी होती, पण दुसरीच पुन्हा आली, फक्त मांजर उलट्या अंगाने फिरले. असे का होते, हे ती मला विचारत होती. मी तिला व्हरांड्यातला खडू दिला.