एका 'प'चं गाव

उत्तर जर्मनीतल्या रोस्टोकहून सुटलेल्या गाडीतून सायकल घेऊन ब्युत्सोला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मे महिना होता, तरी बोटं गारठत होती. इथून पूर्वेला अर्ध्या तासाच्या सायकल-अंतरावर एक लहानसं गाव आहे. तिथे ना किल्ला, ना संग्रहालय. माझ्याकडे तिथे जायचं एकच कारण होतं : त्या गावाचं नाव. ते नाव जगभर पोचलंय, गाव मात्र कुणाला ठाऊक नाही. झेपेलिन.

उच्चाराचं आधी सांगते. जर्मन लोक 'त्सेपेलीन' म्हणतात. सुरुवातीचा तो आवाज मराठी माणसाला शिकावा लागत नाही. 'चूल' आणि 'चाक' म्हणताना आपण जो दंततालव्य च वापरतो, तोच हा. जर्मनच्या वर्गात बाकीची मंडळी या अक्षरापाशी अडखळत होती तेव्हा मी चूल आठवून मोकळी झाले होते. लिहिताना मात्र आपल्याकडे रुळलेलं 'झेपेलिन'च ठेवते.

स्टुटगार्टला राहायला आल्यापासून हे नाव माझी पाठ सोडत नाही. स्टुटगार्ट म्हणजे 1968 पासून मुंबईचं भगिनी-शहर. तिथल्या प्राग दफनभूमीत काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन यांची कबर आहे. हलक्या वायूने भरलेली, सिगारच्या आकाराची अवाढव्य हवाई जहाजं बनवणारे ते हेच. विमानतळाला लागूनच एश्टरडिंगन आहे. तिथल्या माळावर 5 ऑगस्ट 1908 रोजी त्यांचं चौथं हवाई जहाज वादळात सापडून जळालं. काउंट तेव्हा 70 वर्षांचे होते आणि पदरचा पैसा संपत आला होता. त्या दिवशी सगळं संपायला हवं होतं. पण लोकांनीच पैसे पाठवायला सुरुवात केली. कुणी न सांगता साठ लाखांहून जास्त मार्क जमले. तिथल्या स्मारकशिळेपाशी उभी राहिले की मला दर वेळी भरून येतं. एका सरदार घराण्याचं आडनाव लोकांनी त्या आठवड्यात आपलं करून टाकलं. पुढे गावोगावी झेपेलिन रस्ते झाले. लिथुआनियात तर बटाट्याच्या किसात सारण भरून केलेल्या लांबट गोळ्यांनाही 'त्सेपेलिनाय' म्हणू लागले. आकार तंतोतंत तोच.

आणि याच नावाने लोकांचा थरकापही उडवला. 1915 च्या मे महिन्यात या जहाजांनी लंडनवर बॉम्ब टाकले. तिथल्या आयांनी हा शब्द कसा उच्चारला असेल, याचा विचार न करता काउंटचं कौतुक करणं मला जमत नाही.

माझ्या बाबांची नोकरी चाकणला होती. घरी येणाऱ्या एका डायरीवर 'झेडएफ' अशी निळी अक्षरं असायची. ती जर्मन कंपनी काउंटची जहाजं जिथे बनली त्या फ्रीडरिक्सहाफेनची एवढं बाबांना माहीत होतं, म्हणून 'झेड' म्हणजे झेपेलिन असं त्यांनी मला लहानपणी सांगितलं होतं. फ्रीडरिक्सहाफेनला गेले तेव्हा खरं कळलं. झेड म्हणजे 'त्सानराट', दातेरी चाक. हवाई जहाजांना चांगले गिअर हवेत म्हणून 1915 मध्ये निघालेला तो कारखाना. आजही त्याची बहुतांश मालकी झेपेलिन प्रतिष्ठानाकडे आहे आणि ते प्रतिष्ठान तिथली नगरपालिका चालवते. म्हणजे बाबा चुकले ते फक्त अक्षरात.

त्या फ्रीडरिक्सहाफेनच्या सरोवरावरच 2 जुलै 1900 रोजी पहिलं जहाज तरंगलं होतं. 128 मीटर लांबीचं ते धूड 18 मिनिटं हवेत राहिलं. समोरच्या काठावर कॉन्स्टान्स. काउंटचा जन्म तिथल्या बेटावरचा, जुन्या मठाच्या इमारतीतला. ती इमारत आता हॉटेल आहे. हे सगळं दक्षिणेत, आल्प्सच्या नजरेच्या टप्प्यात. मग आडनाव इतक्या दूर, बाल्टिककडच्या सपाट मुलखातलं कसं?

उत्तर आपल्याला सोपं जातं. 'फॉन झेपेलिन' म्हणजे झेपेलिनकर. मेक्लेनबुर्गमधल्या या गावचे जमीनदार गावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. अठराव्या शतकाच्या शेवटी घराण्यातले काही जण व्युर्टेम्बर्गच्या दरबारी चाकरीला दक्षिणेत गेले, तिथे काउंट झाले आणि तिथलेच होऊन राहिले. गाव सुटलं, आडनाव सोबत गेलं. पानशेत-कोयनेच्या धरणांखाली गावं गेली तरी माणसांच्या नावामागे ती राहिली, हे आपण पाहिलेलं आहे.

आणि गावाचं नाव तरी मूळचं जर्मन कुठे? या भागात आधी स्लाव्ह लोकांची वस्ती होती. नावाच्या शेवटचं 'इन' त्यांचं आहे. श्वेरीन, बर्लिन ही त्याच कुळातली. ग्युस्ट्रो, ब्युत्सो यांतलं शेवटचं 'ओ'ही त्यांचंच. बोलणारे बदलले, पण नावं कुणी पुसली नाहीत. जर्मन अभिमानाची खूण म्हणून मिरवलं गेलेलं आडनाव मुळात स्लाव्ह कानांसाठी घडलेलं होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

रस्ता सपाट होता. दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळी शेतं, डोळे दिपवणारी. मग पिवळीच पाटी, तिच्यावर काळी अक्षरं. मी सायकल आडवी टाकली आणि पाटीसमोर उभी राहिले. नावात एकच 'प' होता! आडनावात दोन, गावात एक. देवनागरीत हे दिसणारही नाही, पण रोमन अक्षरांत लगेच खटकतं.

कुंपणापाशी एक आजी वाफे साफ करत होत्या. "मोइन," म्हणाल्या. या भागात दिवसभर एवढाच नमस्कार. मी पाटीकडे बोट दाखवून विचारलं. त्यांनी हात झटकले. "दुसरा प ते लोक घेऊन गेले," म्हणाल्या. "आमचं एकावर भागतं."

मग त्यांनी विचारलं, काउंटला मुलं किती? मी म्हटलं, एकच मुलगी, हेला. त्या कुंपणाला टेकून ऐकत राहिल्या. हेलाचं लग्न 1909 मध्ये झालं. वडील त्या वेळी देशातले सगळ्यांत लाडके गृहस्थ, आणि मुलीच्या लग्नासोबत त्यांच्या शाखेचं नाव थांबणार होतं. तेव्हा व्युर्टेम्बर्गच्या राजाने परवानगी दिली आणि जावयाने सासऱ्यांचं नाव आपल्या नावाला जोडलं : फॉन ब्रांडनश्टाइन-झेपेलिन. वडिलांच्या नव्वदाव्या जन्मदिनी, 8 जुलै 1928 रोजी, नव्या जहाजाचं बारसं करायला हेलाच उभी होती. जहाजाचं नाव 'ग्राफ झेपेलिन', म्हणजे काउंट झेपेलिन. वडिलांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी ते जहाज जगाला वळसा घालून आलं.

मी स्वतः माहेरचं आडनाव सोडलं नाही, सासरचं जोडलं. त्यावर दोन्ही घरांत जे बोललं गेलं ते अजून आठवतं. म्हणून त्या जोडनावातली आडवी रेघ मला जहाजाइतकीच मोठी वाटते.

नाव जपायची ही ओढ घराण्यात पुढेही दिसते. 1970 च्या फेब्रुवारीत लेड झेपेलिन हा इंग्लिश रॉक बँड कोपनहेगनला वाजवायला आला, तेव्हा घराण्यातल्या एका बाईंनी हरकत घेतली. आमचं नाव असं वापरू नका. बँडने त्या रात्री 'द नॉब्ज' या नावाने कार्यक्रम केला. पूर्वी मला त्या बाई हट्टी वाटायच्या. आता वाटत नाहीत. नाव लावणारी माणसं मोजकी, आणि ते नाव उच्चारणारं सगळं जग. कुठेतरी 'थांबा' म्हणावंसं वाटणारच.

आजींनी आतून पाणी आणून दिलं. "तुमच्या नावाचं गाव आहे?" त्यांनी विचारलं. आहे म्हटलं. कोकणात, खाडीकाठी, एवढीच घरं. माझ्या आजीच्या वेळी कुळाचाराला गेले होते. "तिथली पाटी कशी आहे?" मला आठवेना. पाटी होती की नाही, तेही आठवेना.

परतीच्या गाडीत बाबांना फोटो पाठवला. बाबांना रोमन अक्षरं नीट वाचायची सवय, गिअरच्या डब्यांवरची. दोन मिनिटांत उत्तर आलं : 'एक पी कमी आहे. पाटीवाल्याला सांगितलंस का?' मी फोन लावला. ग्युस्ट्रो येईपर्यंत त्यांना सांगत होते, की कमी नाही, मूळ तेवढंच आहे.