ड्रेनेजच्या वासाचा माग काढताना

पुण्यातील आमची इमारत पाच मजली, 1990 च्या दशकातील असून आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस आईच्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात कुजलेल्या अंड्यासारखा वास येऊ लागला. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान तो अधिक असे, दुपारी जवळपास नाहीसा होई आणि रात्री पुन्हा जाणवे. फिनाईल ओतून, डांबरगोळ्या टाकून तो तेवढ्यापुरता झाकला जाई. परंतु आईचा बहुतेक वेळ शेजारच्याच खोलीत जात असल्यामुळे वास झाकण्यावर समाधान मानणे मला शक्य नव्हते.

हा वास मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा असतो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भागही नसला तरी आपले नाक त्याला ओळखते. मात्र हे प्रमाण 100 भागांच्या आसपास पोचले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि म्हणून गटाराच्या चेंबरजवळ किंवा सेप्टिक टँकजवळ वास येईनासा झाला तर तिथून आधी दूर व्हावे. घरात इतके प्रमाण सहसा नसते, तरी सतत त्याच हवेत बसणाऱ्याला वास कमी जाणवू लागतो. त्यामुळे वास कुठे जास्त आहे हे ठरवण्यासाठी मी आमच्या स्वतःच्या नाकांवर विसंबले नाही. बाहेरून नुकत्याच आलेल्या शेजारच्या वहिनींना प्रत्येक खोलीत नेऊन विचारले आणि त्यांचे उत्तर वेळेसह वहीत लिहून ठेवले.

पहिल्या प्लंबरने पाहताक्षणी सांगितले, “ताई, फरशी फोडावी लागेल, खाली पाइप फुटलाय.” फरशी फोडायची म्हणजे वॉटरप्रूफिंगही नव्याने करावे लागणार, आणि पाइप फुटल्याचा कोणताही पुरावा समोर नव्हता. खालच्या घराच्या छताला ओल नव्हती, रंगही फुगलेला नव्हता. तेव्हा कारण नक्की होईपर्यंत छिन्नी लावू द्यायची नाही, असे मी ठरवले.

घरातील प्रत्येक सांडपाण्याच्या वाटेवर वाकडा पाइप किंवा नहाणी ट्रॅप (फरशीतील जाळीखालचे, पाणी धरून ठेवणारे भांडे) असतो आणि त्यात साधारण 50 मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साठून राहणे अपेक्षित असते. गटारातील वायू आणि घरातील हवा यांच्यामध्ये एवढाच काय तो पडदा. त्यामुळे सर्वप्रथम बॅटरी घेऊन मी प्रत्येक जाळी उचलून आत पाहिले. पाहुण्यांच्या न्हाणीघरातील ट्रॅप पूर्ण कोरडा होता, जे वापरच नसल्यामुळे स्वाभाविक होते. तिथे पाणी ओतले. बेसिनखालचा लवचीक पाइप भिंतीतील भोकात नुसताच खुपसलेला आढळला. त्याला रबरी रिंग बसवून घेतली. मग सर्व जाळ्या, ड्राय बाल्कनीतील वॉशिंग मशीनचे तोंडसुद्धा, प्लास्टिकचा कागद आणि रुंद चिकटपट्टी लावून रात्रभर बंद ठेवली. सकाळी वास नव्हता. त्यानंतर रोज एकच जाळी उघडायची, असा क्रम ठेवला आणि वास आला तो आईच्या न्हाणीघरातील नहाणीची जाळी उघडल्यावर.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. हवा कोणत्या दिशेने वाहते हे पाहण्यासाठी अनेक जण जाळीजवळ अगरबत्ती धरतात. गटारातील वायूत मिथेन असू शकतो आणि तो पेट घेतो. म्हणून मी टिश्यू पेपरची बारीक पट्टी वापरली. ती जाळीवर धरली असता वरच्या बाजूला उचलली जात होती, म्हणजे हवा पाइपातून घरात येत होती.

मला खटकत होते ते हे की, ही नहाणी रोज वापरातील होती. उन्हाळा असला तरी ट्रॅपमधील पाणी एका रात्रीत वाफ होऊन आटत नाही. त्याला आठवडे लागतात. तेव्हा पाणी एकतर झिरपत असले पाहिजे किंवा कोणीतरी ओढून नेत असले पाहिजे. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी मी एका पातळ पट्टीवर खुणा करून ती ट्रॅपमध्ये उभी केली. दुपारभर कोणी पाणी वापरले नाही, तेव्हा पातळी तसूभरही हलली नाही. म्हणजे ट्रॅपला तडा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वरच्या मजल्यावरून फ्लश झाल्याचा आवाज आला की नहाणीत गुडगुड होई, पाणी खाली खेचले जाई आणि काही वेळाने पातळी इतकी उतरे की पलीकडची हवा मोकळी आत येऊ लागे.

उभ्या पाइपातून पाण्याचा लोंढा वेगाने उतरतो, तेव्हा त्याच्या मागे हवा विरळ होते आणि पुढे दाबली जाते. ही तूट भरून काढण्यासाठी तो पाइप गच्चीच्या वर उघडा ठेवलेला असतो. वरून हवा मिळाली नाही तर ती मधल्या मजल्यांवरच्या ट्रॅपमधून खेचली जाते. हे लक्षात आल्यावर मी तळमजल्यावरच्या काकूंकडे चौकशी केली. त्यांच्या कमोडमध्ये सकाळी बुडबुडे येत होते आणि त्यांनाही त्याच सुमारास त्रास सुरू झाला होता. मधल्या मजल्यावर ओढ आणि तळाशी दाब, हे दोन्ही एकाच कारणाकडे बोट दाखवत होते. शिवाय काही वर्षांपूर्वी डक्टमधील बिडाचे पाइप बदलून पीव्हीसीचे टाकताना संडासाचा आणि न्हाणीघराचा वेगळा असलेला पाइप एकत्र जोडला गेला होता. पूर्वी न्हाणीघराचे पाणी खाली गली ट्रॅपमधून, म्हणजे चेंबरच्या आधी जमिनीत बसवलेल्या ट्रॅपमधून, चेंबरमध्ये जाई, त्यामुळे मधे पाण्याचा आणखी एक अडसर असे. तो आता उरला नव्हता.

कमिटीच्या बैठकीत चेंबर तुंबले असेल, एखादा माणूस आत उतरवून साफ करून घेऊ, असा प्रस्ताव आला. त्याला मी ठाम विरोध केला. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास बंदी आहे, आणि कायदा नसता तरी कोणाचा जीव असा पणाला लावणे मला मान्य झाले नसते. बाहेर उभे राहूनच झाकण उघडून पाहिले. पाणी विनाअडथळा वाहत होते.

मग सेक्रेटरींना घेऊन मी गच्चीवर गेले. गळती थांबवण्यासाठी मार्चमध्ये तिथे पत्र्याची शेड उभारली होती. आमच्या डक्टमधील पाइप पत्र्याच्या आड येतो म्हणून तो कापून वर टोपी चिकटवून टाकलेली होती. पत्रे बसवणाऱ्यांना तो निरुपयोगी वाटला असावा, कारण त्यातून पाणी येत नाही. त्यातून हवा जाते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

टोपी काढल्यावर त्याच दिवशी गुडगुड थांबली. नंतर प्लंबरने पाइप पत्र्याला भोक पाडून वर माणसाच्या डोक्याहून उंच नेला, वर जाळीची टोपी बसवली आणि भोकाभोवती पावसाचे पाणी उतरू नये म्हणून पट्टी लावली. फरशी फोडण्याच्या तुलनेत हा खर्च अगदीच किरकोळ होता आणि तो सोसायटीने केला. मी पुन्हा खुणांची पट्टी ट्रॅपमध्ये ठेवून सकाळच्या गर्दीच्या वेळी पाहिले. पाणी किंचित हिंदकळत होते, पण पातळी टिकून होती. पाहुण्यांच्या न्हाणीघरात दर रविवारी तांब्याभर पाणी ओतण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. शेजारच्या विंगच्या गच्चीवरही तेच पत्रे आहेत आणि त्यांच्याखाली असेच बंद केलेले पाइप सापडले आहेत. ते पावसाआधी उघडून घ्यावेत, असे पत्र मी कमिटीला दिले असून त्यासोबत प्रत्येक पाइप कोणत्या डक्टचा आहे हे दाखवणारा हाताने काढलेला नकाशा जोडला आहे.