वाकलेला क्रँकशाफ्ट, गंजलेला डेक : लॉनमोअरच्या इंजिनबदलाची नोंद

ज्या लॉनमोअरवर हे काम चालू आहे, तो मागून चालत ढकलायचा, २१ इंची म्हणजे ५३३ मिमी पात्याचा, पोलादी डेकचा (डेक म्हणजे पात्यावरचे कवच, ज्यावर इंजिन बसते) आणि पुढची चाके पट्ट्याने फिरणारा असा आहे. इथे न्यू जर्सीत एप्रिलपासून पानगळीपर्यंत गवत वाढतच असते, त्यामुळे यंत्राला विश्रांती अशी हिवाळ्यातच मिळते. गेल्या हंगामाच्या शेवटी त्याचे पाते गवताखाली दडलेल्या झाडाच्या बुंध्यावर आदळले, इंजिन जागच्या जागी थांबले आणि पुन्हा सुरू केल्यावर दांडा हातात धरवेना इतका थरथरू लागला.

अशा धक्क्यानंतर सर्वांत आधी फ्लायव्हीलची की पाहावी. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य शाफ्ट, ज्याच्या खालच्या टोकाला पाते बसते) आणि फ्लायव्हील (त्याच्या वरच्या टोकावरचे चाक) यांना एकमेकांशी बांधणारा हा मऊ धातूचा तुकडा धक्क्याच्या वेळी मुद्दाम कातरला जावा असाच बनवलेला असतो. तो कातरला की ठिणगीची वेळ चुकते आणि इंजिन नीट चालत नाही. पण दुरुस्ती अगदी स्वस्तात होते. माझ्या यंत्रात की थोडी कातरली होती, मात्र थरथरण्याचे कारण तेवढेच नव्हते. स्पार्क प्लग काढून, पाते उतरवून, स्टार्टरची दोरी हळूहळू ओढत शाफ्टच्या खालच्या टोकाजवळ एक तार स्थिर धरली, तेव्हा टोक एका बाजूला तारेला घासत होते आणि दुसऱ्या बाजूला स्पष्ट फट दिसत होती. क्रँकशाफ्ट वाकला होता. वाकलेला शाफ्ट ठोकून किंवा दाबून सरळ करण्याचे सल्ले दिले जातात, पण मी त्यांच्या पूर्ण विरोधात आहे, कारण सरळ दिसणाऱ्या त्या पोलादात बारीक भेग राहिली असेल तर सेकंदाला पन्नास फेरे घेणारे पाते एक दिवस शाफ्टच्या तुकड्यासकट निखळू शकते, आणि ते माणसाच्या पायापासून फार दूर नसते.

डेक, चाके आणि गिअरबॉक्स उत्तम अवस्थेत असल्यामुळे इंजिन बदलण्याचे ठरवले. याच सुमारास जवळच राहणाऱ्या एका गृहस्थांनी डेक गंजून भोके पडलेला एक लॉनमोअर टाकून द्यायला काढला होता. त्यावर होंडाचे जीसीव्ही १६० इंजिन होते आणि त्यांनी ते आनंदाने दिले. माझ्या मते इंजिनबदलासाठी याहून चांगला दाता मिळत नाही. पोलादी डेक ओल्या गवताने इंजिनाच्या कितीतरी आधी संपतो, आणि असे इंजिन मुळातच पाते फिरवण्यासाठी जुळवलेले असते.

या शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इंजिन निवडताना बहुतेक जण अश्वशक्तीचा आकडा पाहतात आणि खरे जुळणे-न जुळणे शाफ्ट, वेग व ब्रेक या तीन गोष्टींवर ठरते. जीसीव्ही १६० प्रेशर वॉशरवरही (जोराच्या पाण्याने धुण्याच्या यंत्रावर) आढळते. बाहेरून ते सारखेच दिसते, परंतु तिथे शाफ्टची लांबी वेगळी असू शकते, फ्लायव्हीलला ब्रेक नसतो आणि गव्हर्नर (इंजिनाचा वेग ठरावीक ठेवणारी योजना) मिनिटाला सुमारे ३,६०० फेऱ्यांवर बसवलेला असू शकतो. ५३३ मिमी पात्याचे टोक एका फेऱ्यात साधारण १.६७ मीटर अंतर कापते, म्हणजे ३,६०० फेऱ्यांना त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. अमेरिकी सुरक्षा मानकात पात्याच्या टोकाची कमाल मर्यादा मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६.५ मीटर आहे. शिवाय मोअरच्या इंजिनाचे फ्लायव्हील पुष्कळदा हलके असते आणि उरलेले जडत्व पाते पुरवते, म्हणून असे इंजिन पात्याविना सुरू करताना दोरी हाताला उलट झटका देऊ शकते. चाचणीसाठी इंजिन बाकावर बांधून सुरू करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

दोन्ही शाफ्ट मोजले. व्यास दोन्हींचा २२.२ मिमी, बसण्याच्या पृष्ठभागापासून टोकापर्यंतची लांबी सुमारे ८० मिमी, कीची खाच ४.८ मिमीच्या आसपास. लांबीत फरक असता तर चाकांच्या पट्ट्याची पुली वरखाली झाली असती आणि पट्टा काही तासांत कडेने झिजला असता.

जुने इंजिन उतरवताना आधी प्लगची टोपी काढून बाजूला बांधली, टाकी रिकामी केली आणि यंत्र कलंडताना एअर फिल्टरची बाजू वर राहील असे पाहिले, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरते. पात्याचा बोल्ट डेकमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून सुटला. त्यामागचा हब, म्हणजे पाते शाफ्टला जोडणारा भाग, मात्र गंजाने शाफ्टशी एकजीव झाला होता. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवून, दुसऱ्या दिवशी पुलरने (ओढून काढण्याच्या अवजाराने) हळूहळू ताण देत तो निघाला. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारणे पूर्णपणे टाळावे, कारण तो मार थेट क्रँककेसवर, म्हणजे शाफ्ट धरणाऱ्या इंजिनाच्या कवचावर जातो.

दात्याचे इंजिन बसवण्यापूर्वी उघडून पाहिले. या इंजिनाचे सिलिंडर आणि हेड एकसंध ओतलेले आहे, त्यामुळे हेड गॅस्केट उडण्याचा प्रश्नच नाही, पण व्हॉल्व्हचे काम करायचे झाले तर हेड वेगळे करून घासता येत नाही. कॅमशाफ्ट वर असून त्याला फिरवणारा पट्टा इंजिनाच्या आतच असतो. व्हॉल्व्हची फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) पाहिली: इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी हवी, एक्झॉस्टची थोडी कमी होती, ती जुळवली. कॉम्प्रेशन गेजवर आकडा कमी दिसला तरी घाबरू नये, कारण सुरू करणे सोपे जावे म्हणून या इंजिनात आपोआप दाब सोडणारी योजना आहे. हवा भरून गळती पाहण्याची चाचणी अधिक विश्वासाची, आणि त्यात हे इंजिन चांगले ठरले. कार्बोरेटरच्या तळाला मात्र हिरवट थर साचला होता. इथल्या पेट्रोलमध्ये सर्रास दहा टक्के इथेनॉल असते आणि ते पाणी ओढून घेते. महाराष्ट्रात वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल वापरणाऱ्या आपल्या मित्रांनी हंगाम संपताच कार्बोरेटर कोरडा करण्याची सवय लावून घ्यावी. जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र असलेला भाग) काढून स्वच्छ केले, नवा बीपीआर६ईएस प्लग ०.७ ते ०.८ मिमी फटीने बसवला आणि १०डब्ल्यू-३० तेल भरले.

इंजिन डेकवर बसवायला फार वेळ लागला नाही. तिन्ही भोके जुळली, सायलेन्सरचे तोंड गवताच्या पिशवीकडे येत नाही हे पाहून घेतले, शाफ्टला पॉलिश पेपर मारून गंजरोधक ग्रीसचा पातळ हात दिला आणि हब नव्या कीसह चढवला. पात्याचा बोल्ट नवा घेतला व टॉर्क पान्याने घट्ट केला. पातेही नवेच आहे. बुंध्यावर आपटलेले पाते समतोल साधून पुन्हा वापरणे मला पटत नाही.

ब्रेकने सर्वाधिक काळजी मागितली. अमेरिकेत ३० जून १९८२ नंतर बनलेल्या चालत ढकलायच्या मोअरचे पाते, दांड्यावरची कांब सोडताच तीन सेकंदांत थांबले पाहिजे, असा नियम आहे. या इंजिनात कांब सोडली की स्प्रिंग ब्रेकचा पॅड फ्लायव्हीलवर दाबते आणि त्याच हालचालीत ठिणगीही बंद होते. जुन्या केबलचे आवरण नव्या कंसापर्यंत पोचत नव्हते, म्हणून लांब केबल आणली आणि कांब पूर्ण दाबल्यावर पॅड फ्लायव्हीलपासून स्पष्ट सुटतो का, हे इंजिनाचे वरचे झाकण काढून डोळ्यांनी पाहिले. पॅड किंचित जरी घासत राहिला तरी तो तापतो, झिजतो आणि नेमका गरजेच्या वेळी कमी पडतो. आता पाते दोन सेकंदांच्या आसपास थांबते.

वेग प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायच्या टॅकोमीटरने मोजला. या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. मीटर दोन फेऱ्यांना एक ठिणगी अशा मांडणीवर ठेवला तर आकडा दुप्पट दिसतो. माझे वाचन पाते बसवून, गवताबाहेर, ३,०५० आले, म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ८५ मीटर. गव्हर्नरच्या स्प्रिंगला मी हात लावलेला नाही आणि कोणी लावू नये.

पहिली कापणी कोरड्या, मध्यम उंचीच्या गवतात केली. थरथर गेली आहे, आणि दाट पट्ट्यात जुने इंजिन जिथे दबत असे तिथे हे इंजिन, गव्हर्नरने थ्रॉटल (मिश्रण आत सोडणारी झडप) उघडताच, लगेच सावरते. चाकांचा पट्टा चढावर अजून थोडा घसरतो; त्याचा ताण वाढवण्यापूर्वी पुली आणि गिअरबॉक्स एका रेषेत आहेत का हे सरळ पट्टी लावून तपासायचे आहे. त्यानंतर तेल बदलताना त्यात धातूची चमक दिसते का ते पाहीन आणि इंजिनाचे तिन्ही बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून घेईन.