तुम्ही विचारलंत म्हणून : "पण आम्हाला खोटी गोळी मिळाली तर?"

नागपुरात मायग्रेनच्या क्लिनिकल ट्रायलचं, म्हणजे औषध खरंच चालतं का ते पेशंटवर तपासायचं काम करते म्हटलं की लोकं आधी पगार विचारतात, तो विषय आपण सोडून देऊ. त्यानंतरचा प्रश्न मात्र ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतीत चुलत सासूबाई विचारतात, सोसायटीत वॉचमन विचारतो, आणि धंतोलीला सोडणारा ऑटोवाला तर सरळच म्हणाला, "काय जी ताई, डोकं फुटून राहिलं अशा माणसाले तुम्ही लोक साखरेची गोळी देऊन राहिले म्हणे?"

तर हो, देतो. ट्रायलमध्ये कुणाला खरं औषध आणि कुणाला प्लासिबो, म्हणजे ती खोटी गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, ते पेशंटला माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नसतं, मला तर अजिबातच नसतं. पण ही गोष्ट लपवलेली नसते हो. सही करायच्या आधी मराठीत किंवा हिंदीत, तुम्हाला समजेल त्या भाषेत, कागदावर लिहून दिलेलं असतं की तुम्हाला औषध नसलेली गोळी मिळू शकते. फसवणूक म्हणायची तर ती आधी सांगून, तुमची सही घेऊन केलेली आहे.

आता का देतो ते जरा नीट सांगते, कारण मायग्रेनच्या बाबतीत खोटी गोळी नसेल ना तर आम्हाला काही म्हणजे काहीच कळणार नाही. डायबेटिसमध्ये निदान रक्त काढून शुगर मोजता येते. मायग्रेनला रक्ताची तपासणी नाही, एमआरआय बहुतेकांचा नॉर्मल येतो, जे काही आहे ते पेशंटच्या सांगण्यावर आणि डायरीवर. आणि हा आजार मुळातच येऊन-जाऊन असतो. व्याख्येतच आहे की औषध घेतलं नाही तर अटॅक साधारण ४ ते ७२ तास चालतो, म्हणजे तुम्ही काहीही केलं नाही तरी तो तीन दिवसांत बहुतेक वेळा उतरणारच. आणि माणूस डॉक्टरकडे किंवा आमच्याकडे कधी येतो? सगळ्यात वाईट महिना चालू असतो तेव्हा. पुढचा महिना त्यापेक्षा जरा बरा जाणं हे नुसत्या हिशोबानेच होतं, त्यात औषधाचा हात असेलच असं नाही.

त्यात आपलं नागपूर. समजा मी मे अखेरच्या नवतपात पेशंट घेतले, दुपट्टा गुंडाळून, गॉगल लावून, बाटलीतलं पाणी संपवत आलेले, कुणाला उन्हाने धरलंय तर कुणाला कूलरच्या ओल्या खसच्या वासाने, आणि त्यांना गोळ्या दिल्या. मग पाऊस आला, जुलैमध्ये सगळे म्हणायला लागले ताई फारच फरक आहे. गोळीने आला की पावसाने? सांगता येतं का? उन्हाचा आणि डोकेदुखीचा संबंध काही फक्त आपल्या आजीचं म्हणणं नाही, बोस्टनच्या एका हॉस्पिटलात ७ हजारांवर पेशंटचे रेकॉर्ड तपासून २००९ मध्ये छापलं गेलं की तापमान ५ अंशांनी वाढलं की डोकेदुखीसाठी इमर्जन्सीत यायचा धोका साधारण साडेसात टक्क्यांनी वाढतो. बोस्टनचा उन्हाळा म्हणजे आपल्याकडची दिवाळी, तो आकडा उचलून नागपूरला लावायला मी काही सांगणार नाही. पण खोट्या गोळीवाला गट असला की पाऊस दोन्ही गटांवर सारखाच पडतो, आणि त्यानंतरही जो फरक उरतो तो औषधाचा.

ह्याच कारणासाठी दूध-जिलेबीवर माझा विश्वास नाही. तुम्हाला माहीत असेलच, अर्धशिशी असली की सूर्य उगवायच्या आधी गरम जिलेबी दुधात बुडवून खायची, अमक्याला गुण आला, तमक्याची तर कायमची गेली. गुण आला असेलच, मी कुठे नाही म्हणते, तीन दिवसांत तो तसाही येणार होता. एक मात्र कबूल, सकाळी उपाशी राहून डोकं धरणारे पुष्कळ असतात, त्यांनी जिलेबी काय नि तर्री पोहे काय, वेळेवर खाल्लं तर फायदाच आहे.

आता खऱ्या औषधाचे आकडे. ते ऐकून लोकांचा चेहरा पडतो पण ऐका. एरेन्युमॅब नावाचं इंजेक्शन आहे, महिन्यातून एकदा घ्यायचं, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं, त्याची मोठी ट्रायल २०१७ मध्ये छापून आली. ९५५ लोकं, महिन्याला सरासरी ८ च्या वर मायग्रेनचे दिवस असलेली. मोठ्या डोसवाल्यांचे महिन्याचे ३.७ दिवस कमी झाले. वा म्हणाल. पण खोटं इंजेक्शन घेतलेल्यांचेही १.८ दिवस कमी झाले! म्हणजे औषधाची स्वतःची कमाई महिन्याला दोन दिवसांच्या आसपास. ज्यांचा त्रास निम्मा किंवा त्याहून कमी झाला असे मोठ्या डोसवाल्यांत ५० टक्के आणि खोट्यावाल्यांत जवळपास २७ टक्के. आता हा खोटा गट ठेवलाच नसता तर कंपनीने काय छापलं असतं? निम्म्या लोकांना निम्मा आराम. खोटं नाही ते, पण पूर्ण खरंही नाही. आणि ज्या बाईचे महिन्याला दोन दिवस वाचतात तिला विचाराल तर ती ते दोन दिवस सोडायला तयार नसते, हे मी समोर बसून पाहिलंय.

अटॅक आल्यावर घ्यायच्या गोळीचंही तसंच. तिथे विचारायचं असतं की दोन तासांनी दुखणं पूर्ण गेलं का, कमी झालं वगैरे नाही, पूर्ण. सुमाट्रिप्टानची ५० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर शंभरातल्या साधारण २८ जणांचं जातं, खोटी घेतली तर ११ जणांचं. ते ११ कोण असतात ह्याचं मला अजूनही कुतूहल वाटतं.

लहान मुलांच्या ट्रायलने तर डॉक्टर लोकांचीच झोप उडवली होती. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर दोन जुनी, रोजच्या वापरातली प्रतिबंधक औषधं तपासली, अमिट्रिप्टिलीन आणि टोपिरामेट, आणि तिसरा गट प्लासिबो. २०१७ मध्ये निकाल आला. डोकेदुखीचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झालेली मुलं अमिट्रिप्टिलीनवर ५२ टक्के, टोपिरामेटवर ५५ आणि प्लासिबोवर ६१! फरक दिसणार नाही म्हणून ट्रायल मध्येच थांबवली, आणि साइड इफेक्ट मात्र औषधवाल्या मुलांना जास्त. आता सांगा, ह्यात नशीबवान कोण, खरी गोळी मिळालेलं पोर की खोटी मिळालेलं? "आम्हाला खोटी मिळाली तर" असं कुणी म्हटलं की मला ही पोरंच आठवतात. आपण धरूनच चालतो की खरं ते चांगलं, पण ते चांगलं आहे की नाही हेच तर बघायला बसलेलो असतो आपण.

औषधच वाईट निघाल्याची उदाहरणंही आहेत. टेल्कागेपँट नावाची गोळी मायग्रेनवर चांगली चालत होती, पण रोज घेणाऱ्या काहींच्या लिव्हरचे एन्झाइम वाढलेले दिसले आणि २०११ मध्ये कंपनीने ती सोडूनच दिली.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते, सुई टोचल्याशिवाय लोकांना बरं वाटत नाही. सलाइन लावलं की निम्मा आजार तिथेच पळतो. हसू नका, ह्याचाही अभ्यास झालाय. मायग्रेनच्या पुष्कळ ट्रायल एकत्र करून २०१३ मध्ये पाहिलं तर खोट्या गोळीने गुण आलेले साधारण २२ टक्के, खोट्या ॲक्युपंक्चरने ३८ आणि खोट्या ऑपरेशनने ५८ टक्के. जितका तामझाम मोठा तितका गुण मोठा. म्हणूनच मोठ्या तामझामाची परीक्षा जास्त कडक पाहिजे. मध्यंतरी असं निघालं होतं की हृदयातलं एक जन्मजात छिद्र बंद केलं की मायग्रेन जातं, ज्यांनी करून घेतलं ते शपथेवर सांगत होते. मग ब्रिटनमध्ये ट्रायल झाली, २००८ ला छापली, निम्म्यांचं छिद्र खरंच बंद केलं आणि निम्म्यांना भूल देऊन जांघेत नुसता छेद घेतला. डोकेदुखी पूर्ण गेली असे लोक दोन्हीकडे तीन-तीन. बस.

इथवर ऐकलं की समोरचा म्हणतो, म्हणजे मायग्रेन मनाचे खेळ आहेत तर. आमच्या नात्यात एका सुनेला हे वर्षानुवर्षं ऐकावं लागलंय, काम टाळायला डोकं धरते म्हणून, त्यामुळे ह्या वाक्याने माझंच डोकं उठतं. मनाचे खेळ नाहीत. १९९० मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन ह्या संशोधकांनी अटॅक चालू असताना मानेतल्या शिरेतलं रक्त घेऊन तपासलं तर सीजीआरपी नावाचं रसायन वाढलेलं सापडलं. पुढे डेन्मार्कमध्ये तेच रसायन मायग्रेनच्या पेशंटना शिरेतून दिलं तर काहींना चक्क अटॅक आला, २००२ चं ते काम. म्हणजे रसायन वाढतं, ते दिलं की दुखतं, ते अडवलं की कमी दुखतं. वर सांगितलेलं एरेन्युमॅबचं इंजेक्शन त्याच रसायनाचा रस्ता अडवून बसतं. ह्या कामासाठी चार संशोधकांना मेंदूच्या संशोधनासाठी असलेलं २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं, गोड्सबी आणि एडविन्सन त्यात होते. प्लासिबोने बरं वाटतं ह्याचा अर्थ दुखणं खोटं होतं असा नाही, अपेक्षेनेसुद्धा दुखणं खरोखर कमी होतं. हार्वर्डवाल्यांनी २०१४ मध्ये ६६ पेशंटना पाकिटं बदलून बदलून दिली होती, कधी खऱ्या गोळीच्या पाकिटावर प्लासिबो लिहिलेलं, कधी प्लासिबोच्या पाकिटावर औषधाचं नाव. दुखणं कमी होण्याच्या बाबतीत हे दोन्ही जवळपास सारखेच निघाले. पाकिटावर काय लिहिलंय त्यालाही गुण असतो, डॉक्टर कसं बोलतो त्यालाही असणार, आणि आपल्याकडे ओपीडीत तीन मिनिटांत चिठ्ठी हातात देतात त्याचं काय करायचं ते देव जाणे.

योगाचं विचारणारेही असतात. दिल्लीच्या एम्समध्ये ट्रायल झाली, २०२० मध्ये आली, नुसती औषधं विरुद्ध औषधं अधिक योग, तीन महिने, आणि योगवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला, गोळ्याही कमी लागल्या. चांगलं काम आहे, पण १६० पैकी ११४ जणांनीच ते पूर्ण केलं, आणि खोटा योग कसा देणार हा प्रश्न आहेच. आपण योग करतोय हे करणाऱ्याला कळतंच ना. तरी करायला माझी ना नाही, नुकसान काही नाही आणि खर्च चटईचा.

आता मुख्य, यावं की नाही. खोटी गोळी मिळाली म्हणून कुणाला तडफडत ठेवत नाहीत, जास्त दुखलं तर कोणती गोळी केव्हा घ्यायची हे आधीच ठरलेलं असतं आणि ती खरी असते. कधीही सोडून जाता येतं, कारण न देता, आणि तुमची नेहमीची ट्रीटमेंट त्यामुळे बंद होत नाही. ट्रायलमुळे काही झालं तर उपचार आणि भरपाई कायद्यात आहे. गरोदर असाल किंवा लवकर विचार असेल तर आधीच सांगा, टोपिरामेट-व्हॅलप्रोएटसारख्या औषधांचा बाळाला धोका असतो. आणि डोकं अचानक, कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, किंवा सोबत ताप येऊन मान आखडली, हात-पाय लुळा पडला, तर ट्रायल-बियल विसरा आणि तडक इमर्जन्सी गाठा.

खरं सांगायचं तर माझ्याकडे आलेल्या बऱ्याच लोकांचं काम ट्रायलच्या आधीच्या महिन्यातच होतं. त्या महिन्यात औषध नसतं, फक्त डायरी लिहायची असते. ती लिहिताना कळतं की मेडिकल स्टोअरमधून आणलेली दुखण्याची गोळी आपण महिन्यात किती दिवस घेतोय. साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिक्स गोळ्या किंवा सुमाट्रिप्टानसारख्या ट्रिप्टान गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवतात. काहींना आम्ही ट्रायलमध्ये घेऊ शकत नाही ते ह्याच्यामुळे, आणि त्यांना राग येतो, पण न्यूरोलॉजिस्टने ती गोळी बंद केल्यावर त्यातल्या पुष्कळांना आमची गरजच राहत नाही. डायरी म्हणजे काही ॲप पाहिजे असंही नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता ना, त्याच चौकटीत दुखलं तर एक फुली आणि गोळी घेतली तर एक गोल. केस धुतले त्या दिवशी खूण करा बायकांनी, डोक्यावरून आंघोळ केली की मायग्रेन उठतं असे ९४ भारतीय पेशंट मुंबईच्या डॉ. रविशंकर ह्यांनी २००६ मध्ये नोंदवलेत, बाहेरच्या देशातल्या यादीत हे सहसा नसतंच.

आणि यायचं ठरवलंत तर सही करायच्या आधी हे विचारून घ्या : सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा रजिस्ट्रेशन नंबर काय आहे, २००९ पासून तो सक्तीचा आहे. पेशंटच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन कुठला. खोटी गोळी किती जणांना, किती महिने. आणि ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार की नाही, आणि राहिलं तर कुणाच्या खर्चाने. हा शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि एरेन्युमॅबसारख्या इंजेक्शनची किंमत पाहता तो सगळ्यात आधी विचारायला पाहिजे.